वीणा वाटेवर असताना काढलेला केर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलोय – हे सांगून तुला काय मिळणार आहे?

माझा धंदा जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा. बेंगळुरूला शिवाजीनगरात दुकान. येणारा बराचसा माल अपघातातल्या गाड्यांचा. ज्या सीटवर माणूस गेला ती सीट मी धुऊन, उन्हात वाळवून त्याच आठवड्यात विकलेली आहे, आणि विकली जाईपर्यंत तिच्यावर बसून दुपारचा डबा खाल्लेला आहे. कधी अंगावर काटा आला नाही. भाव पाडायला गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, ॲक्सिडेंटची गाडी, अपशकुनी माल." मी म्हणायचो, "मग शोरूममध्ये जा, शकुनाचा घे." भूत दाखवून माझ्याकडून कोणी एक पैसा कमी करून घेतलेला नाही.

तेव्हा हे लिहून मला काय मिळणार? काही नाही. उलट ओळखीचे लोक हसतील. पण माझी एक तक्रार आहे, आणि ती कुठल्याच काउंटरवर घेत नाहीत. म्हणून या सदरात लिहितोय.

साल नव्व्याण्णव असावं. आम्ही हलसूरला, बाजारामागच्या गल्लीत राहायचो. घरात माणसं तीन – मी, माझी थोरली बहीण अक्का, आणि माझी मुलगी वीणा. बायको, शारदा, वीणा चौथीत असताना गेली. तिचा फोटो हॉलमध्ये, दारातून आलं की समोर. तेव्हापासून अक्कानंच घर चालवलं. आमचं घराणं या गावात कधी आलं ते आमच्यातही कोणाला ठाऊक नाही. आमच्या मराठीत निम्मी कन्नड असते, नव्यानं आलेले पुण्याचे लोक ऐकून गालात हसतात. हसू देत.

वीणा मला अरे-तुरे करायची. "अप्पा, तू जेवलास का?" असं. शेजारच्यांना ते खटकायचं. मला नाही. आईच्या वाटचंही मलाच म्हणायची ती.

तिनं कम्प्युटरचा कोर्स केला म्हणून घरात कम्प्युटर घेतला. मी आणि दुकानदार, एक अख्खी दुपार आमची जुंपली होती. मी त्याच्याकडून यूपीएस फुकट काढला, कव्हर फुकट, वर इंटरनेटचं कनेक्शन जोडून देणंही फुकट. घरी आलो तेव्हा छाती फुगलेली. आयुधपूजेला अक्कानं त्या डब्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, माझ्या स्कूटरच्या बरोबरीनं.

मग वीणानं उघडून पाहिलं आणि म्हणाली, "अप्पा, हार्ड डिस्क बोलला त्याच्या निम्मीच आहे."

मी तसाच दुकानात गेलो. त्या माणसानं शांतपणे सांगितलं, "सर, तुम्ही एवढं पिळलंत, कुठून तरी निघायला पाहिजे ना." काउंटरवरचा पेपरवेट मी उचलला होता, एवढंच सांगतो. पण लिहून घेतलेलं काही नव्हतं. पन्नास वर्षांच्या माणसाला, जो गिअरबॉक्स नुसता हलवून आत काय झिजलंय ते सांगतो, त्याला एका काल आलेल्या पोरट्यानं फसवलं. ही माझी पहिली तक्रार. दुसरी, म्हणजे खरी, पुढे येते.

डिस्क अर्थातच भरली. कम्प्युटर रडायला लागला – जागा नाही, जागा नाही. मी रोज त्या दुकानात फोन करायचो. त्यांचा एक इंजिनियर होता, तोच प्रत्येक वेळी फोनवर यायचा.

"सर, डिस्क छोटी नाही. कचरा भरलाय. टेम्पररी इंटरनेट फाइल्स."

"म्हणजे काय?"

"तुम्ही नेटवर जे जे पान बघता, त्याची एक कॉपी मशीन ठेवून घेतं. फोटो, अक्षरं, सगळं. परत बघायचं झालं तर लवकर दिसावं म्हणून. ते डिलीट करा. तरीही जागा झाली नाही तर मग डिस्कचं बोलू."

"काही जाणार नाही ना?"

"एकदम सेफ, सर. बघून झालेलं असतं ते. आणि पाहिजेच असेल तर तेच पान परत उघडा, परत येतं."

मी ते शब्द धरून ठेवले. साफ केल्यावरही जागा झाली नाही तर डिस्कचं बोलू. म्हणजे त्याची शेवटची सबब संपवायची, की बदलून घेतलीच.

त्या शुक्रवारी वीणाची व्हाइटफील्डला मुलाखत होती. पहिलीच नोकरी, नव्या आयटी पार्कमध्ये. आधीचे काही दिवस ती संध्याकाळभर नेटवर असायची – त्या कंपनीची पानं, तिथं जायचा रस्ता, मुलाखतीत काय विचारतात ते. मधून मधून स्वतःचं पान. फुकट जागा देणारी एक साइट होती, तिच्यावर तिनं पान बनवलेलं. त्यात भिंतीवरचा शारदाचा फोटो स्कॅन करून घातला होता, खाली आईबद्दल चार ओळी. त्या वेळी फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी यायचा. आधी केस, मग कपाळ, कुंकू, मग डोळे. डोळे यायच्या आत मी कॉफीचं निमित्त काढून उठायचो.

सकाळी अक्कानं तिच्या हातावर दही-साखर ठेवली. वीणा म्हणाली, "आत्या, स्वल्पच दे, बसमध्ये मळमळतं." मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर. आणि पगार विचारतील तेव्हा आधी आकडा तू बोलायचा नाही. त्यांना बोलू दे."

"माहितेय, अप्पा. लहानपणापासून तेच ऐकतेय."

ती गेली. शुक्रवारी आमचा बाजार बंद असतो, मी घरीच होतो. उंबऱ्याशी तिच्या वेणीतल्या अबोलीची फुलं पडली होती. मी अक्काला म्हटलं, "झाडून घे की."

"पोर वाटेवर आहे. पोचल्याचा फोन येऊ दे, मग."

"व्हाइटफील्ड म्हणजे काय काशी आहे का? सिटी बस जाते तिथं."

"बस जाते म्हणजे वाटच ना ती?"

"मग मी रोज दुकानात जातो तेव्हा?"

"तू गेलास की मी लगेच झाडते. तू कुठं चुकतोस. भांडायला माणूस लागतं तुला, येतोस घरी बरोबर."

माझं हे असं आहे, हरत आलो की मी कारण विचारतो. विचारलं. ती म्हणाली, आई सांगायची, गेलेल्याच्या पावलांची माती घरात असली की त्याला घर सापडतं. मी म्हटलं, "सरी, बरं. राहू दे तुझी माती." आणि पेपर वाचत बसलो. पेपर संपला. फोन आला नव्हता. बसला वेळ लागतो. मग म्हटलं, रिकामा बसून काय करू, तो कचरा तरी काढतो.

वीणानं मला सगळं लिहून दिलं होतं. आधी इंटरनेटची खिडकी बंद करायची. मग ऑप्शन्समध्ये जायचं. "डिलीट फाइल्स" दाबायचं. दाबण्याआधी मी त्या फाइलींचा ढीग उघडून पाहिला – माल न बघता टाकायची सवय नाही मला. नावंच नावं, खाली खाली जाणारी. बसचं चित्र, कंपनीच्या इमारतीचं, बाणाबाणांचा नकाशा. काही नावांच्या आधी "वीणा" लागलेलं. मशीनवर तिचं नाव घातलेलं होतं म्हणून तसं, एवढं मला कळत होतं.

मी बंद केलं. डिलीट दाबलं. त्यानं विचारलं, ऑफलाइन ठेवलेलंही सगळं काढू का? मी म्हटलं, अर्धवट कशाला – चौकोनात खूण केली आणि ओके दाबलं. ते वाळूचं घड्याळ आलं. डिस्क आतून करकरायला लागली. मी अक्काला म्हटलं, कॉफी टाक.

कॉफी उकळत होती तेव्हा फोन वाजला.

"अप्पा, उतरले मी." मागे गाड्यांचे आवाज. पीसीओवरून बोलत होती.

"शाब्बास. आत जा आता."

"अप्पा..." ती हसली. "कुठं जायचंय रे मला?"

"कुठं म्हणजे? मुलाखतीला. पर्समध्ये कागद आहे तो बघ."

"बघितला. वाचते मी, आणि खाली धरला की जातं. कंपनीचं नाव सांग ना."

मला राग आला. मुलाखतीला घाबरून नाटकं करतेय असं वाटलं. "समोरच्या माणसाला कागद दाखव, बोट दाखवेल," असं मी जोरात म्हणालो. एका रुपयाचा वेळ संपत आल्याची पिपिप झाली आणि फोन कटला.

अक्का दारात उभी होती. "पोचली?"

"पोचली. गोंधळलीय."

ती पडद्याकडे बघत होती. "ते काय चाललंय?"

"साफ करतोय. कचरा झालाय."

"साफ म्हणजे... केरच ना तो? तिचा?"

"अगं फाइली आहेत. तुझी मातीबिती काही नाही." मी हसलो. हसताना माझं मलाच लक्षात आलं की मी डिस्कचा आवाज ऐकतोय. करकर थांबली नव्हती.

दुसरा फोन आला तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता.

"अप्पा, परत यायला कुठली बस?"

"मुलाखत झाली?"

"कसली? ... अप्पा, इथं पाट्या आहेत, पण मला येत नाहीत वाचायला. गोल गोल अक्षरं आहेत."

मित्रहो, ही मुलगी कन्नड माध्यमात शिकली. कन्नडमध्ये शाळेत पहिली यायची.

"वीणा, ऐक. जिथं आहेस तिथंच थांब. समोर काय दिसतंय?"

"रस्ता. एक भिंत. लोक बघतायत. मला घरी यायचंय रे. घर कुठं आपलं?"

"हलसूरला. तलावाजवळ. बाजारामागे."

"हलसूर," ती म्हणाली, जसं लहान मूल नवा शब्द बोलून बघतं. "कुठल्या गावात?"

कट.

मी कम्प्युटरकडे धावलो. थांबवायचं बटण शोधलं. नव्हतंच. ओके म्हटल्यावर थांबायची सोय कोणी ठेवलीच नव्हती. कीबोर्ड दाबला, माउस हलवला, घड्याळ तसंच. इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, "चालू दे सर, पहिल्यांदा वेळ लागतो. पण मधे स्विच ऑफ करू नका हां, डिस्क खराब होईल. मग आमची जबाबदारी नाही."

मी रिसीव्हर ठेवला आणि उभा राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझं डोकं म्हणत होतं, याचा त्याच्याशी काय संबंध? पोर उन्हात भोवळ येऊन बसली असेल. उगाच डिस्क खराब करून त्या चोराच्या हातात सबब देऊ नकोस. बाहेर लख्ख ऊन होतं. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. सगळं रोजच्यासारखं.

तिसरा फोन अक्कानं उचलला. ऐकलं, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"हॅलो," वीणा म्हणाली. "माफ करा... कोण बोलताय आपण?"

"वीणा, मी अप्पा."

"कोण अप्पा?" ती रडत नव्हती. ते सगळ्यात वाईट होतं. परक्या माणसाशी बोलावं तशी जपून बोलत होती. "तुम्ही मला ओळखता का? माझ्या डोक्यात हा एक नंबर आहे. दुसरं काहीच नाही. तुम्ही सांगू शकाल का, मी कोण ते?"

तुम्ही. जन्मात पहिल्यांदा ती मला तुम्ही म्हणाली.

"फोन ठेवू नकोस," मी ओरडलो, आणि जाऊन भिंतीतली पिन उपटली.

काही झालं नाही. पडदा चालूच. यूपीएस पीं पीं करत होता. मीच फुकट काढलेला, भांडून काढलेला यूपीएस. मी खाली बसून त्याच्या मागच्या सगळ्या वायरी हाताला येतील तशा ओढल्या. पडदा विझला. करकर थांबली. मी रिसीव्हर कानाला लावला. आत नुसतं टुक टुक टुक.

मी स्कूटरची किल्ली घेतली. अक्का म्हणाली, "कुठं शोधशील? आणि तिनं इथं फोन केला तर?" मी किल्ली ठेवली. परत घेतली. मग ती म्हणाली, "गण्या, एकदा बाबा तालुक्याला गेले असताना मी न कळून केर काढला होता. आईनं उकिरड्यावरून तो सूपभर परत आणून कोपऱ्यात ठेवला. ते येईपर्यंत तिथंच होता. तूही परत आण."

"पुसलेलं कसं आणू?"

आणि मला इंजिनियरचं वाक्य आठवलं. पाहिजेच असेल तर तेच पान परत उघडा, परत येतं.

पण आमच्याकडे टेलिफोनची लाइन एकच. इंटरनेट लावलं की फोन बंद. ती त्या वेळेस फोन करेल, तिच्या डोक्यात असलेला एकुलता एक नंबर, आणि तिला एंगेज लागेल. मी अक्काला तसं म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "फोन करून ती काय विचारणार? तू कोण ते. तू काय सांगणार?"

मी वायरी परत जोडल्या.

नीट बंद न केलेल्या मशीनवर तेव्हा निळा पडदा यायचा, ते आधी स्वतःला तपासून घ्यायचं. पिवळी पट्टी एका बाजूनं मुंगीसारखी सरकत गेली. मी तिच्याकडे बघत बसलो. मग मॉडेमचा तो किंचाळल्यासारखा आवाज – रोज ऐकायचो, पण त्या दिवशी अक्कानं कानांवर हात ठेवले. टेलिफोन मेला.

कोणती पानं बघितली त्यांची यादी मशीन वेगळी ठेवतं, ती मी पुसली नव्हती. एकेक नाव दाबत गेलो. बसचं पान आलं. नकाशा आला. मुलाखतीची प्रश्नोत्तरं आली, पण मध्ये मध्ये अडकत, थांबत. कंपनीचं पान उघडेना. पांढरा पडदा, कोपऱ्यात ते चक्र फिरतंय, फिरतंय. परत दाबलं. परत पांढरं. मला डोळ्यांपुढे एका भिंतीशी उभी असलेली माझी पोर दिसत होती, लोक बघतायत, आणि तिला स्वतःचं नाव येत नाही.

मी कम्प्युटरशी बोललो. कम्प्युटरशी की कोणाशी, मला माहीत नाही. मोठ्यानं म्हणालो, "काय पाहिजे ते ठेवून घे. पण पोर परत दे."

अक्का एकदम म्हणाली, "गण्या, असं मोघम बोलू नये."

तेवढ्यात पान आलं. सरसर आलं, पट्ट्यापट्ट्यांनी नाही, एका दमात, तसं त्या फोन लाइनवर कधी येत नसे. त्यानंतरची सगळी तशीच. मी दाबायचो आणि ते समोर. यादी भराभर खाली सरकत गेली. अगदी शेवटी तिचं स्वतःचं पान राहिलं होतं. दाबलं.

पान दाखवता येत नाही, असं आलं.

परत दाबलं. परत तेच. मी पुन्हा पुन्हा दाबत होतो, तेव्हा बाहेर फाटक वाजलं.

"अप्पा, काय माणूस आहेस रे तू," वीणा चपला काढता काढता बोलत होती. "पोचल्यावर केला, एंगेज. मुलाखत संपल्यावर केला, एंगेज. नेटवर बसलास ना? आणि मला सांगतो पोचलीस की फोन कर."

अक्कानं तिला दारातच धरलं, तोंडावरून हात फिरवला, हातापायांवरून फिरवला. वीणा म्हणाली, "आत्या, घामानं चिकट झालेय, थांब तरी." ती हसत होती. नोकरी मिळाली होती. पगाराचा आकडा ती आधी बोलली नव्हती, ते बोलले, आणि तिनं वर चढवून घेतला. "तुझीच मुलगी," म्हणाली.

मी विचारलं, "तू मघाशी फोन केलास तेव्हा... बोललीस ना माझ्याशी?"

"एंगेज होता म्हटलं ना. कोणाशी बोलणार?"

अक्कानं मला डोळ्यांनी गप्प केलं. मग तिनं केरसुणी घेतली आणि उंबऱ्यातली फुलं गोळा केली. मला वाटलं, संपलं. जे काय होतं ते संपलं. वीणा पाणी पीत खुर्चीत बसली, पाय लांब केले, आणि समोर भिंतीकडे बघून म्हणाली,

"आत्या, ह्या कोण?"

अक्काच्या हातातली केरसुणी थांबली.

"हा फोटो. आज लावलात का? छान आहेत दिसायला. आपल्यातल्या कोणी आहेत का?"

बाकी तिला सगळं आठवत होतं. चौथीतल्या बाई, चौथीतली मैत्रीण, त्या वर्षी घरी खूप माणसं जमली होती हेही. का जमली होती ते नाही. शारदानं शिवलेला फ्रॉक तिला आठवत होता, तो दुकानातून आणलेला म्हणून. प्रत्येक ठिकाणाहून आई तेवढी नीट कापून काढलेली, कडाही दिसू नयेत अशी.

मी मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, काही निघालं नाही. मुलाखतीचा ताण, म्हणाले, येईल हळूहळू. मग ते तीन फोन कोणाचे? टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन मी भांडलो. त्यांनी सांगितलं, बाहेरून येणाऱ्या फोनची नोंद नसते. तिसरा फोन अक्कानं स्वतः ऐकला होता, ती शेवटपर्यंत म्हणायची, आवाज वीणाचाच. वीणा शपथेवर सांगते, त्या वेळी ती मुलाखतीला बसली होती. तिचं ते पान मी पुढे रोज उघडून बघायचो. त्या साइटवाल्यांनी कळवलं, या नावाचं पान आमच्याकडे कधी नव्हतंच.

महिन्याभरानं त्या दुकानात गेलो. माझा चेहरा बघून दुकानदारानं न मागता मोठी डिस्क काढून काउंटरवर ठेवली. मी ती तिथंच ठेवून आलो. जुनी डिस्क कपाटात आहे. आयुष्यभर लोकांच्या मेलेल्या गाड्या विकल्या, ती विकलेली नाही.

वीणाला आईबद्दल आम्ही सगळं सांगितलं. ती हुशार आहे, तिनं पाठ केलं. लग्नात फोटोला वाकून नमस्कार केला. स्वतःच्या मुलींना आजीच्या गोष्टी सांगते, मी सांगितलेल्या, माझ्याच शब्दांत. डोळ्यांत पाणी येत नाही, कुठून येणार? अक्का गेली तेव्हा मात्र रडली, खूप. अजून मला अरे-तुरे करते.

त्या दिवशी काय झालं हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर लिहा. "एकदम सेफ" म्हणणाऱ्या त्या माणसाशी मी मनातल्या मनात अजून भांडतो, पण मला कळतं की तो नुसता नोकर होता. मालक कोण ते कळलं नाही. सौदा त्याच्याशी झाला. आधी आकडा आपण बोलायचा नाही, समोरच्याला बोलू द्यायचं, हे मी पोरीला लहानपणापासून शिकवलं. आणि वेळ आली तेव्हा मीच म्हणून बसलो, काय पाहिजे ते ठेवून घे.

गप्प बसलो असतो तर त्यानं काय मागितलं असतं, कोण जाणे. कदाचित याहून कमी मागितलं असतं.